आत्याची नदी आणि बाबांची रोपं

माझ्या आत्यानं नोकरीची सारी वर्षं नदीपायी घालवली, पण तिचे पाय खऱ्या नदीपेक्षा खोट्या नदीतच जास्त भिजले.

नदीविभागाच्या आवारात पत्र्याची एक लांबलचक शेड होती. आत शिरलं की ओल्या वाळूचा आणि पंपाच्या तेलाचा वास यायचा. जमिनीवर गुडघाभर उंचीची विटांची चौकट, तिच्यात वाळू, आणि त्या वाळूत आमच्या गावची नदी, सगळ्या वळणांसकट लहान करून बसवलेली. पूल लाकडी फळीचा, घरं म्हणजे सुताराकडून कापून आणलेले ठोकळे. एका टोकाला पंप सुरू केला की पाणी सुटे, वळणं घेत दुसऱ्या टोकाच्या हौदात पडे आणि पाइपातून पुन्हा वर जाई. खऱ्या काठावर बांध घालायचा की दगड टाकायचे, हे ठरवण्याआधी ते इथे करून बघायचं. नदी आपलं वळण बदलायला वर्षानुवर्षं घेते. शेडमध्ये तेच दोन-तीन दिवसांत डोळ्यांसमोर घडतं.

विभागातली मंडळी तिच्या पाठीमागे तिला 'भातुकलीवाल्या बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. एकदा तर तिनं कोणाच्या तरी पत्नीला स्वतःची ओळख तशीच करून दिली, आणि ज्यानं ते नाव पाडलं होतं तो शेजारी उभा राहून चहात बघत बसला.

घरच्यांना वाटलं होतं, मुलगी अभियंता झाली म्हणजे मोठमोठे पूल बांधेल. ती मात्र पायजमा पोटरीपर्यंत दुमडून, हातात गवंड्याची थापी घेऊन वाळूचे काठ तासत बसायची. पाण्यात कागदाचे बारीक तुकडे सोडायची आणि ते कुठे रेंगाळतात, कुठे पळतात, ते बघायची. लग्नही तिनं उशिरा केलं, तेही शेडमधला पंप दुरुस्त करणाऱ्याशी. आजी म्हणाली होती, निदान पाणी तरी कधी बंद पडायचं नाही.

बाबा तिचे थोरले भाऊ. आमची रोपवाटिका नदीपलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, सखल जमिनीवर होती. आजोबांनी लावलेली लिंबाची, अंजिराची, डाळिंबाची जुनी झाडं तिथे होती. त्यांच्या फांद्या घेऊन बाबा कलमं बांधत. माती अशी की काठी रोवली तरी पालवी फुटेल. ती माती नदीनंच आणून टाकलेली, हे आम्हाला आत्यानं सांगितलं होतं. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जोरात धावतं आणि काठ पोखरतं, आतल्या अंगाला मंदावतं आणि गाळ टाकून जातं. "तुमच्या अंगणात जे आलंय, ते समोरच्याच्या अंगणातून आलंय," असं ती म्हणायची.

समोरच्या म्हणजे गावाच्या बाजूला तो काठ खरंच चालला होता. आधी नदीकाठची पायवाट गेली, मग एका मोठ्या पुरात काठाचा रस्ता अर्धा खचला आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघराचा एक कोपरा अधांतरी राहिला. त्याच्या मागे घरांची रांग होती. लोकांनी भिंत मागितली: चांगली जाड, दगडी, नदीला कायमची तंबी देणारी. मुख्य अभियंत्यांनाही तेच पटलं होतं. ते शांत, विचारी गृहस्थ होते. फक्त निर्णय लांबले की त्यांच्या पोटात दुखायचं.

आत्यानं शेडमध्ये भिंत बसवली, पुराचं पाणी सोडलं. काठ तसूभर हलला नाही. बघायला जमलेली मंडळी खूश झाली आणि जेवायला गेली. आत्यानं पंप बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायाशी वाळू उपसली जाऊन खोल डोह झाला. काठ खाता येईना तसं पाणी तळ खाऊ लागलं, आणि भिंतीला घासत थेट खालच्या पुलाच्या खांबावर जाऊन धडकू लागलं. तिसऱ्या दिवशी लाकडी पूल कलला.

मुख्य अभियंते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, आपण रोग बरा नाही करत, शेजारच्याच्या घरी पाठवतोय. काठापासून पाण्यात शिरणारे आखूड दगडी बांध घालून प्रवाह दूर लोटायची कल्पना त्यांचीच. ती करून पाहिली. बराच फरक पडला, पण मोठ्या पुरापुढे तेवढं पुरेना.

उरलेली वाट दोघांनाही एकदमच दिसली असावी, कारण दोघांचीही नजर एकदमच पलीकडच्या काठावर गेली. वळणाच्या आतल्या सखल जमिनीतून नदीचं एक जुनं, बुजलेलं पात्र जात होतं. ते उकरून मोकळं केलं, तर पुराच्या वेळी निम्मंअधिक पाणी तिकडून परस्पर निघून जाईल आणि गावच्या काठावरचा जोर उतरेल. त्या जुन्या पात्राच्या मधोमध एक हिरवा ठोकळा होता. तो आत्यानं स्वतः रंगवला होता.

तिनं मुख्य अभियंत्यांना सांगितलं की ही जागा माझ्या भावाची आहे. आपला तो बाब्या व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा ही चाचणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. त्यांनी दुसऱ्या विभागातला माणूस बोलावला. ती तेवढे दिवस शेडमध्ये फिरकली नाही, घरी बसून कपाटं आवरली. निकाल तोच आला. तिनं साहेबांना विनंती केली की नोटीस जाण्याआधी मला घरी जाऊन सांगू द्या.

मी तेव्हा कॉलेजात होते. आत्या आली तेव्हा बाबा बाकावर बसून कलमं बांधत होते. तिनं काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भिंतीचं सांगितलं, पुलाचं सांगितलं, जुन्या पात्राचं सांगितलं. बाबांचा हात थांबला नाही. पट्टी गुंडाळून गाठ मारून झाल्यावर ते म्हणाले, "नदीला जागा द्यायची म्हणतेस. आणि भावाला?"

"वरच्या टेकाडावर जागा मिळेल. माती इतकी चांगली नाही."

"तुझ्या त्या वाळूच्या डबक्यात दिसलं म्हणून आम्ही उठायचं?"

आत्या म्हणाली, "तिथे नाही दिसलं तरी इथे होणारच आहे, दादा. आपण वाट काढून दिली नाही, तर कधीतरी ती स्वतःच याच जुन्या वाटेनं येईल. तेव्हा विचारून येणार नाही."

बाबांनी पुढचं कलम हातात घेतलं. आईनं आत्याला जेवायला थांब म्हटलं, पण ती थांबली नाही.

त्यानंतर कित्येक महिने दोघं बोलले नाहीत. आई आणि आत्या मात्र रोज फोनवर बोलत, आणि बाबा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसत. त्यांनी हरकत नोंदवली, वकील गाठला, शेजाऱ्यांना जमवलं. शेजाऱ्यांपैकी निम्म्यांनी टेकाडावरची जागा आधीच बघून ठेवली होती, असं कळल्यावर ते आणखी चिडले.

मग एका दुपारी ते कोणाला न सांगता शेडमध्ये गेले. हे मला पंपवाल्या काकांनी सांगितलं. आत्यानं नुसता पंप सुरू केला. जुनं पात्र बंद ठेवून पूर सोडला. बाबांनी पाहिलं. पात्र उघडून पूर सोडला. तेही पाहिलं. "पुन्हा पहिल्यासारखं कर," असं म्हणून त्यांनी सगळं परत करायला लावलं. गावचा काठ ढासळून ठोकळ्यांची रांग पाण्यात उतरली, तेव्हा ते वाकून एकेक ठोकळा उचलू लागले आणि बाजूला वाळवायला ठेवू लागले, जणू आत माणसं होती.

नंतर त्यांनी हिरव्या ठोकळ्याकडे बोट केलं. "हा वर सरकवता येईल?"

"ठोकळा दोन बोटांनी सरकेल," आत्या म्हणाली. "आपल्या बाबांनी लावलेली झाडं नाही सरकायची. ते मला माहीत आहे, दादा."

काका सांगत होते की एवढं बोलून ती पंपापाशी गेली आणि उगाचच झडप पिळत राहिली. बाबा तिच्या मागून गेले. म्हणाले, झाडं सरकत नसली तरी कलमं होतात. पण मला दोन हंगाम हवेत, त्याआधी तुझं कोणी यंत्र घेऊन आलं तर मी त्याच्यासमोर आडवा पडेन.

दोन हंगाम मागून घेणं सोपं नव्हतं. मधल्या काळात पंपघर पडलं असतं तर सगळं खापर आत्यावर फुटलं असतं. मुख्य अभियंत्यांनी तेवढ्यापुरते आखूड बांध घातले, पंपघराखाली दगडांच्या जाळ्या रचल्या आणि पोटदुखीची गोळी घेतली असणार. बाबांनी प्रत्येक जुन्या झाडाची कलमं बांधली. आम्ही सगळे टेकाडावर खड्डे खणत होतो. माती खरंच वाईट होती. कुदळ मारली की ठणका थेट खांद्यात. आत्या सुट्टीच्या दिवशी यायची, खणायची, आणि चुकीचं खणते म्हणून बाबांकडून बोलणी खायची. आईला ते ऐकून बरं वाटायचं.

जुनी झाडं तोडली त्या दिवशी बाबा घरीच राहिले. आत्या मात्र तिथे सकाळपासून उभी होती.

पात्र मोकळं झालं आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मोठा पूर आला. आम्ही टेकाडावरून बघत होतो. तपकिरी पाणी वळणापाशी फुगलं, क्षणभर घुटमळलं, आणि मग त्याचा एक मोठा पट्टा आमच्या जुन्या जागेवरून सरळ पसरत गेला. गावचा काठ टिकला, पंपघर टिकलं, पुलावरून दुसऱ्या दिवशी गाड्या गेल्या.

सगळंच मात्र शेडसारखं झालं नाही. नव्या वाटेच्या तोंडाशी अपेक्षेपेक्षा फार जास्त गाळ साचला, आणि खालच्या अंगाला नदीनं एका बाजूची माती भलतीच कापून नेली. आत्यानं बैठकीत सरळ सांगितलं की इथे माझा अंदाज चुकला. वाळू लहान करता येते, पण चिखलाचा चिकटपणा तितका लहान करता येत नाही. साहेब म्हणाले, नदीचं काम लग्नासारखं, एकदा लावून मोकळं होता येत नाही. तेव्हापासून दर वर्षी पुरानंतर गाळ काढायचा आणि काठ मोजायचा असं ठरलं.

कापलेला काठ धरून ठेवायला दगडाऐवजी झाडं लावायची, ही सूचना कोणाची याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. वाळुंजाचं झाड काठाच्या ओलीत चटकन मूळ धरतं आणि पुरात वाकतं, मोडत नाही. विभागाला रोपं हवी होती, आणि टेकाडावरच्या मुरमाड मातीत बाबांची लिंबं अजून रुसलेलीच होती. त्यांनी वाळुंजाच्या फांद्यांचे तुकडे पिशव्यांत लावले आणि पहिल्याच खेपेला इतकी रोपं झाली की पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

तुझं बरोबर होतं, असं बाबा आत्याला कधीच म्हणाले नाहीत. तिनंही कधी विचारलं नाही.

आता आत्या निवृत्त झाली आहे. शेडमध्ये तिची जागा एका तरुण बाईनं घेतली आहे, आणि ती बरंचसं काम संगणकावर करते. आत्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. संगणकाला निदान पाय पुसावे लागत नाहीत, असं ती म्हणते. पूर ओसरला की ती आणि बाबा नव्या काठावर फिरायला जातात. बाबांचं म्हणणं, झाडं दाट लावली पाहिजेत. तिचं म्हणणं, पाण्याला मधून जायला फट हवी. परतीच्या वाटेवर दोघंही घुश्शात असतात, आणि आई चहा टाकता टाकता विचारते, यंदा किती काठ गेला?