टमाटेकाकीची माती

टमाटेकाकी कुणाचं ऐकून घेत नसे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. नवरा गेल्यावर गावच्या जमिनीत दिराने तिला वाटा दिला नाही. त्याच्याच खोलीत ती राहायची आणि गॅलरीच्या टोकाला घासलेटच्या डब्यांत टोमॅटो लावायची. "हीच माझी जमीन," म्हणायची.

ही जमीनही जायला आली. दोन वर्षं झाडं वाढायची आणि फळ धरायच्या वेळी, भरपूर पाणी असून माना टाकायची. दीर म्हणाला, "वहिनी, यंदा मेली तर डबे भंगारात. मला इथे खाट टाकायची आहे."

"टाका मगे, भावजी. पण झाडा मरूची नाय."

शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. काकीने एक झाड उपटून मुळं धुतली. मुळांवर गाठीच गाठी. मुळात बारीक कीड शिरली की असं होतं, हे तिने गावी वांग्यांत पाहिलं होतं. मग तिने चाळीच्या चौकातल्या तुळशीची मुळं उकरून पाहिली. तिथेही गाठी! तुळशीची जुनी माती पायदळी येऊ नये म्हणून आम्ही बायका-पोरी ती काकीच्या डब्यांत टाकायचो. कीड आमच्याच हातांनी तिच्याकडे गेली होती.

मे महिन्यात, उन्हाने कीड मरावी म्हणून, तिने डब्यांची माती चौकात गोणपाटांवर पातळ पसरली. तुळशीवृंदावनही रिकामं केलं. बायका धावल्या.

"तुळस उपटलीस? लाज नाही वाटत?"

"मगे किडीक हळदकुंकू वाहा!"

भांडण पेटलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, जमावबंदी होती. हवालदार दारातून ओरडला, "ए बायांनो, मोर्चा आहे काय? पांगा!"

"मोर्चोच आसा, किडीवर. येतंस?"

तो हसला, बायकाही हसल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मदतीला कुणी थांबलं नाही. पाऊस येईपर्यंत काकी एकटीच उन्हात माती खालीवर करत राहिली. गाठाळलेली मुळं तिने चुलीत घातली. पावसानंतर निंबोळी पेंड मिसळून रोपं लावली. चौकात नवी तुळस लावली, तीही उन्हात भाजलेल्या मातीत.

दोन झाडं गेलीच. बाकीची थंडीत लालभडक झाली. दिराने खाट आधीच आणून ठेवली होती. ती त्याने जिन्याखाली टाकली.

माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. काकीने मुळं धुतलेली रोपं ओल्या फडक्यात बांधून दिली. "माती दिवचंय नाय," म्हणाली, "थयली, सासरची, तू भाज." ती रडली नाही, मीही नाही. पुढे आमची भेट झाली नाही.

नायगावला सासरी पहिल्याच उन्हाळ्यात मी सासूबाईंची तुळशीची कुंडी पालथी केली. त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माती भाजायला तेवढा वेळ लागतोच.