पिशवीसकट लावलेली रोपं

वारज्याच्या बोडक्या टेकडीवर वारा रोप टिकू देत नाही. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तरीही तिथे रोज झाडं लावत. माणसांशी तुटक बोलत. रोपांना मात्र अहो-जाहो करत.

एका रविवारी आमच्या आयटी कंपनीने त्यांनीच खणलेल्या खड्ड्यांत रोपं लावली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो, तर ते एकेक रोप उपटत होते.

"अहो, हे काय चाललंय?" मी चिडून विचारलं.

त्यांनी हातातलं रोप पुढे केलं. मुळांभोवतीची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा आम्ही काढली नव्हती.

"मुळांनी जायचं कुठे?"

मी ओशाळलो. "उद्या मदतीला येऊ का?"

"नको," पिशवी फाडत ते म्हणाले. "तुम्ही लावलेलं मलाच उपटावं लागतं."