न वाजलेला भोंगा

“पुन्हा एक पडलं,” रूपेश म्हणाला.

स्क्रीनवर लाल ओळ आली होती, म्हणजे कुणाच्या तरी फोनवर आमचं अ‍ॅप बंद पडलं होतं. नल पॉइंटर एक्सेप्शन. आदल्या संध्याकाळी आम्ही अ‍ॅपचं नवं व्हर्जन सोडलं, तेव्हापासून अशा तुरळक ओळी येत होत्या. म्हणून तर मी सकाळी चहासुद्धा न घेता स्कूटी काढली आणि कुडव्याच्या ऑफिसात येऊन बसले. रूपेश माझा ज्युनियर. पोरगा हुशार आहे, पण कुठलाही बग दाखवला की त्याचं एकच उत्तर: “माझ्या फोनवर तर चालून राहिलं, मॅडम.” त्या दिवशीही तेच.

आमचं अ‍ॅप दिसायला साधं होतं. मार्च-एप्रिलात आमच्या भागातली निम्मी माणसं पहाटे जंगलात असतात. मोहफुलं रात्रभर गळतात, ती उजाडता उजाडता वेचावी लागतात, नाहीतर हरणं खाऊन जातात. वेचणारा माणूस वाकलेला, नजर जमिनीवर. मागून वाघ आला तर कळायचं कसं? पूर्वी गावातला एक जण वेचायचं सोडून टिनाचा डबा बडवत उभा राहायचा. जंगलात काम करणाऱ्या एका संस्थेने आमच्याकडून अ‍ॅप करून घेतलं. संस्थेच्या माणसाला कुठे वाघाचा माग दिसला की त्याने बटण दाबायचं, आणि आसपासच्या गावांतले फोन भोंग्यासारखे ओरडायचे. पहिल्या वर्षी ते छान चाललं. डबा वाजवणारा माणूसही टोपली घेऊन वेचायला बसू लागला.

मग संस्थेला आणखी एक अ‍ॅप हवं झालं, त्यांच्या स्टाफसाठी. दोन्ही अ‍ॅपना सर्व्हरशी बोलणं भाग. तेच काम दोनदा कशाला लिहायचं, म्हणून सर्व्हरशी बोलणारा कोड आम्ही जुन्या अ‍ॅपमधून उचलला आणि वेगळा बांधला. यालाच आमच्याकडे लायब्ररी म्हणतात. दोन सुनांनी एकच मिक्सर वापरावा, तसं.

सामान हलवताना काहीतरी मागे राहतंच. नल पॉइंटर म्हणजे काय, तर फोनमध्ये नाव सेव्ह आहे पण नंबरची जागा कोरी. माणूस म्हणेल, अरेच्चा, नंबरच नाही. प्रोग्रॅमला तेवढी अक्कल नसते. तो कोरा नंबर लावायला जातो आणि जागच्या जागी मरतो. आमची लायब्ररी कशावर तरी मरत होती, आणि ऑफिसातल्या एकाही फोनवर मरत नव्हती.

तेवढ्यात आमचे मालक आले. सगळे त्यांना भैयाजी म्हणतात. त्यांनी खुर्चीच्या मागून स्क्रीन पाहिली.

“अरे मीना, इतना क्या टेन्शन? नल चेक डाल दो. खतम.”

नल चेक म्हणजे प्रोग्रॅमला सांगून ठेवायचं, जागा कोरी दिसली तर पुढे जाऊ नको, गुपचूप परत ये. एका ओळीचं काम. रूपेशने ते केलं, अ‍ॅप त्याच्या फोनवर टाकलं आणि फोन टेबलावर ठेवला.

“छोड़ दो व्हर्जन,” भैयाजी म्हणाले. “चाय मंगवाता हूँ.”

मी व्हर्जन सोडायच्या बटणाकडे हात नेला आणि माझा फोन किंचाळला. टेस्टसाठी माझा आणि रूपेशचा फोन माझ्याच गावाच्या यादीत टाकलेला होता. तोच भोंगा. संस्थेचे मडावी भाऊ आमच्याच गावच्या जंगलात होते, बटण त्यांनीच दाबलं होतं. नाल्याजवळ वाघ.

आमचं गाव सौंदडच्या पलीकडे, जंगलाला लागून. माझी वहिनी रोज त्याच नाल्याच्या वर मोहफुलं वेचते.

रूपेशचा फोन टेबलावर गप्प पडला होता.

“तुझा काऊन नाही वाजला?”

“पण क्रॅश नाही झालं ना, मॅडम.”

“ते नाही विचारत. वाजला का नाही?”

त्याने फोन उचलून उलटसुलट पाहिला. आणि समोर स्क्रीन भरू लागली. लाल ओळ, खाली लाल ओळ, खाली आणखी एक. आमच्या अ‍ॅपची सोय अशी होती की मरता मरता ते आपल्या गावाचं नाव वेगळ्या वाटेने आम्हाला कळवायचं. प्रत्येक ओळीत माझ्या गावाचं नाव होतं. म्हणजे भोंग्याचा निरोप फोनपर्यंत पोचत होता, पण वाजवणारं अ‍ॅपच मरत होतं. एक ओळ म्हणजे जंगलात वाकलेला एक माणूस, ज्याला काही कळलेलं नाही. त्यातली वहिनीची कोणती? इतकी भीती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती.

वहिनीला फोन लावला. रिंग पूर्ण गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“रूपेश, कोडला हात लावू नको. नंबर काढ गावातले. सरळ फोन करा सगळ्यांना.”

आम्ही तिघे फोन करत सुटलो. रूपेशने पहिल्यालाच सांगितलं, “भाऊ, आमी अ‍ॅपवाले बोलून राहिलो, जंगलातून निघा.” तिकडून उत्तर आलं, “ओटीपी नाई सांगत मी,” आणि फोन बंद. भैयाजींची हिंदी ऐकून तर लोक दोन शब्दांत फोन ठेवत होते. बिचारे घामाघूम झाले. “सुनते ही नहीं,” म्हणत पुढचा नंबर लावत होते. कितीदा सांगितलंय गावोगाव, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. नेमका त्याच दिवशी तो धडा सगळ्यांना पाठ होता.

मी वहिनीचाच नंबर धरून बसले. शेवटी तिने उचलला.

“काऊन व, फोनावर फोन करून राहिली? हात भरले हायेत माहे.”

“वहिनी, वाघ हाये. नाल्याकडे. सगळ्यायले घे आन् सडकेवर निघ. आत्ता.”

“भोंगा तर नाई वाजला.”

ते ऐकून मला रडूच आलं. भोंगा वाजला नाही म्हणजे वाघ नाही. आम्हीच शिकवलं होतं त्यांना.

“भोंगा बिघडला, वहिनी. मी सांगून राहिली ना! पळ!”

तिने माझा आवाज ओळखला, म्हणून ऐकलं. फोन तसाच चालू ठेवून ती बायकांना हाका मारू लागली. पालापाचोळ्यावर पावलं, कुणाची तरी शिवी, कुणीतरी टिन बडवायला घेतलेला. मग लाइन तुटली.

त्यानंतरची वाट पाहणं मी कधी विसरणार नाही. चहा आला, तसाच निवला. रूपेश स्क्रीनकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

सडकेवरून वहिनीचा फोन आला. “आलो आमी सारे. मडावी भाऊनं मोजले.” नंतर मडावी भाऊंनी सांगितलं, मोहाखाली टाकून आलेल्या एका टोपलीच्या अगदी बाजूने ताजे पंजे गेले होते. टोपली कुणाची, ते मी विचारलं नाही.

जरा श्वास जागेवर आला तेव्हा मी वहिनीला विचारलं, “निघताना फोनमध्ये अ‍ॅप चालू होतं का?”

“नाई. मोहाखालची जागा झाडतो, तसा फोनही झाडतो घरून निघताना. चार्जिंग टिकते. सारेच झाडतात.”

उघडी असलेली सगळी अ‍ॅप बोटाने सरकवून बंद करायची, हे तिचं झाडणं. मी रूपेशच्या फोनकडे पाहिलं. त्याने नवं अ‍ॅप जुन्यावर टाकलं होतं, पण टाकल्यावर उघडलं नव्हतं; माझ्या फोनवर ते सकाळपासून उघडंच होतं.

उलगडा एवढाच होता. लायब्ररीला काम करायला आधी आपण कुठल्या अ‍ॅपच्या घरात आहोत ते कळावं लागतं. जुन्या घरात हे तिला आपोआप कळायचं. नव्या मांडणीत ते सांगायचं काम आम्ही पहिल्या स्क्रीनवर सोपवलं. स्क्रीन उघडली तर सांगणार. पण झाडलेल्या फोनमध्ये भोंग्याचा किंवा दुसरा कुठलाही निरोप येतो तेव्हा अ‍ॅप मागच्या दाराने जागं होतं, स्क्रीन उघडतच नाही. मग ती जागा कोरी. आणि ऑफिसात आम्ही टेस्ट करायचो कसं? आधी अ‍ॅप उघडायचं, त्याच्याकडे टक लावून बसायचं, मग निरोप पाठवायचा. कसा सापडणार बग?

आम्ही ते सांगण्याचं काम स्क्रीनकडून काढलं आणि अ‍ॅप जागं होतं त्या पहिल्या पायरीवर नेलं, मग ते कुठल्याही दाराने जागं होवो. रूपेशची नल चेकची ओळ मी स्वतः पुसली.

“उससे भी चल जाता ना?” भैयाजींनी हळूच विचारलं.

“चाललं असतं, भैयाजी. लाल ओळी थांबल्या असत्या. भोंगा तसाच मुका राहिला असता आणि आपण इथे चहा पीत बसलो असतो.”



नवं व्हर्जन सोडायच्या आधी मी गावी गेले. वहिनीच्या फोनवर ते टाकलं आणि तिला म्हटलं, झाड. तिने बोटाने सपासप सगळं झाडलं, फोन टोपलीत टाकला, वर फडकं टाकलं. मी अंगणातून मडावी भाऊंना खूण केली.

टोपली अशी ओरडली की कोंबड्या उडाल्या. वहिनी आतून ओरडली, “बंद कर ना व, पोट्टं आत्ताच झोपलं!” मी मात्र ते बंद करायला जरा उशीरच केला.

क्रॅश होणारं अ‍ॅप निदान बोंब तरी मारतं. भ्यायचं असेल तर गप्प बसणाऱ्या अ‍ॅपला भ्यावं. आमच्या ऑफिसात आता टेस्टिंगची सुरुवात ठरलेली आहे: आधी फोन झाडायचा. आणि आमच्या गावात, भोंगा असला तरी, एक माणूस पुन्हा डबा घेऊन उभा राहतो. मी त्यांना कधी नको म्हटलं नाही.