भुईला चिकटलेले पाय

भूत, करणी, दृष्टांत... यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी मूत्रविकारांचा डॉक्टर आहे. सोनोग्राफीत दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही – इतका सरळ मामला. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. मनावरचं ओझं थोडं उतरावं म्हणून.

लोणावळ्यात तुंगार्लीला, तलावाकडे चढणाऱ्या रस्त्यावर माझा तळमजल्यावरचा दवाखाना आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ओपीडी. गेल्या वर्षी गणपतीनंतर वडिवळ्याहून रखमाजी आबा आले. वय सत्तरीचं, भातशेती करणारे. सोबत बायको, सोनाबाई. आमची नर्स पेशंटला आधीच आत आणून बसवते. मी कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होतो. वळून खुर्चीकडे निघालो, तर पाय उचलेनात.

दुखत नव्हते, बधिर नव्हते, ताकदही होती. पण तळवे कुणी फरशीला चिकटवून टाकावेत तसे... भिंतीला धरून, पाय घासत मी कसाबसा खुर्चीपर्यंत पोचलो.

आबांना लघवी धरवत नव्हती, धोतर ओलं व्हायचं. हल्ली विसरतातही, सोनाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आनि ह्यांचं पाय भुईला चिकटल्यागत हुत्यात सायेब. उचलतच न्हाईत."

मी चमकलो. पण योगायोग म्हणून ते झटकून टाकलं आणि कागदावरून मान वर न करता म्हणालो, "वय झालं मावशी. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा."

सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली दिसली. गोळ्या दिल्या. ते गेले आणि पाच मिनिटांत माझे पाय मोकळे झाले.

पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा पुन्हा तेच. आता मात्र मी घाबरलो. चार दिवसांत पुण्याला जाऊन मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय काढून आलो. सगळं नॉर्मल. जीव भांड्यात पडला. पुढेही आबा आले की हे व्हायचं. मी बसूनच राहायला शिकलो. त्यांच्या गोळ्या बदलत राहिलो. गुण येत नव्हता. सोनाबाई पायांचं सांगायच्या, मग त्यांनीही सांगणं सोडलं.

असे आठ महिने गेले. एका लग्नात माझा वर्गमित्र भेटला – पुण्यात मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. जेवताना त्याला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही.

"लघवी, विसर आणि पाय. अरे, तू त्या म्हाताऱ्याला चालताना बघितलंयस का कधी?"

नव्हतं बघितलं. आठ महिन्यांत एकदाही नाही.

दुसऱ्याच दिवशी आबांना बोलावून घेतलं. दारापासून बाकापर्यंत आठ-दहा पावलांचं अंतर. ते पाय घासत, अडत, भिंत धरत आले. मी आतल्या खोलीच्या दारात उभा राहून बघत होतो आणि माझेही पाय फरशीला चिकटलेले होते. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या दिसल्या. हा आजार विरळा, पण वेळेत कळला तर बराचसा आवरता येतो. पुण्यात ऑपरेशन झालं; डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली. पाय सुटले, लघवीवर ताबा आला. आठवण मात्र परत आली नाही. मित्र म्हणाला, ऑपरेशन आधी केलं असतं तरी ती आलीच असती असं नाही. खरंच तसं आहे, की मला बरं वाटावं म्हणून बोलला... मी विचारलं नाही.

यंदा लावणीनंतर वडिवळ्याला गेलो. आबा बांधावरून ताठ चालत आले, मला विचारलं, "कुनाकडं आलाय?" मग सोनाबाईंकडे बोट करून हळूच म्हणाले, "ही बाई लय चांगली हाय. रोज जेवाया घालती."

सोनाबाईंनी चहा ठेवला. मी त्यांना माझ्या पायांचं सांगितलं, माफीही मागितली. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"दुसऱ्या खेपंपासनं मी तितं बसून देवाला म्हनायचे, ह्या डाक्टरला एकदा तरी कळू दे. तुमचं वाईट व्हावं असं न्हवतं मनात."

मित्राचं म्हणणं असं, की बाईचं बोलणं माझ्या मनाने टिपलं होतं, तेच पायांत उतरलं. असेल. पण पहिल्यांदा पाय अडकले तेव्हा सोनाबाईंनी तोंडही उघडलं नव्हतं. आणि त्यांचं मागणंही अजून सुरू झालं नव्हतं. ऑपरेशननंतर मला तसं पुन्हा कधी झालेलं नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

एवढंच सांगता येतं, की त्या महिन्यात एका एमआरआयची गरज होती... आणि तो मी माझा काढला.