तुंब्याचा ठेका

उजवा हात लकव्याने गेला, त्या वर्षी मी मातामायच्या ठाण्यावर जाणं सोडलं. भांडले नाही, नवस मोडला नाही. नुसती गेले नाही. करडी गावच्या आमच्या तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या कडुलिंबाखाली, शेंदूर लावलेले तीन दगड आहेत. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची माय ती. लग्न होऊन आले तेव्हापासून दर मंगळवारी तिला पाणी घालत आले होते. आणि माझा जाळं विणणारा हातच मेलेल्या मासोळीसारखा मांडीवर पडून राहिला. मग कोणाला पाणी घालायचं, असं मनात यायचं.

आमची एकुलती मुलगी फिजिओथेरपी शिकलेली. जावयाच्या नोकरीपायी दोघं दूर हवाई बेटांवर राहतात. तिथे एका वयस्कर बाईंकडे ती हुला नाच शिकते. माझ्यासाठी व्यायाम म्हणून तिने व्हिडिओ कॉलवर तोच शिकवायला घेतला. मी म्हटलं, "लोक हासतील व मले. ह्या वयात नाचू का मी?" ती म्हणाली, "नाच नोको म्हणू, आई. हातानं गोठ सांगाची आहे, बस."

त्या बाई कधी कधी स्वतः फोनवर यायच्या. पांढरे केस, कानामागे फूल. त्या बोलायच्या, मुलगी मला आमच्या बोलीत सांगायची. हुलात आधी शब्द, मग नाच. मंत्रासारखं म्हणतात आणि हात तीच गोष्ट दाखवतात: हा पाऊस, ही लाट, हे झाड. बाहेरून धर्म सांगायला आलेल्यांनी या नाचाला पाप ठरवलं, चारचौघांत नाचायला बंदी आली, तेव्हा घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी तो मागच्या खोलीत नातींना शिकवून जिवंत ठेवला. पुढे त्यांच्याच एका राजाने नाचणाऱ्यांना पुन्हा दरबारात बोलावलं. लाका नावाची त्यांची रानातली देवी आहे, तिच्यासमोर रानातला पाला मांडतात. पण पान तोडण्याआधी रानाची परवानगी मागायची. ठेक्याला वाळलेला भोपळा, त्याला ते इपू म्हणतात. बाईंनी तो वाजवून दाखवला तेव्हा मला हसू आलं. तो आमचा तुंबाच होता. पूर्वी खोल पाण्यात जाताना ढिवर तरंगायला कमरेला बांधायचे तो.

डावा हात पटापट शिकला. पाय शिकले: गुडघे मोडून, वजन खाली सोडून, बाजूला सरकायचं. उजवा हात मात्र हलला नाही. एक दिवस बाई म्हणाल्या, तुझ्या गावचा पाला तुझ्या देवीपुढे ठेव, मग नाच. मला राग आला. माझी देवी कुठे आहे, हेच तर मला माहीत नव्हतं.

तरी पाला आणायला तलावावर गेले. वैशाखातली दुपार होती. आमचे हे मासोळी विकायला वरठीच्या बाजारात गेले होते. तलाव आटून निम्म्यावर आला होता. कमळाची पानं चिखलाच्या कडेला दिसत होती. परवानगी मागायची आठवण झाली, आणि मी मोठ्यानेच म्हटलं, "कोनाले इचारू? आयकते कोन?" आणि पाच-सहा पानं ओरबाडली.

सातव्या पानाला हात घातला आणि पाय गेला. आधी पोटरी, मग गुडघा, मग मांडी. जितकं ओढावं तितका गाळ आत घेत होता. धरायला एकच हात, आणि त्या हाताला धरायला पानांशिवाय काही नाही. ओरडले. पाळीवर कुणी नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, कसलाच आवाज नाही. पाण्यात दहा-बारा बगळे उभे होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, आणि एकही हलत नव्हता. वारा होता, पाळीवरचं कडुलिंब हलताना दिसत होतं, पण त्याची सळसळ येत नव्हती.

मग ठेका आला. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके.

बगळ्यांची तोंडं होती तिकडे एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काळीसावळी, लुगडं नेसलेली, काखेत तुंबा. आता सगळे प्लॅस्टिकचे डबे बांधतात. तुंबा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती तळव्याने तो वाजवत होती, पण तिच्याभोवतीचं पाणी काचेसारखं स्थिर होतं.

"इचारलं होतं का?" ती म्हणाली. आवाज दूरचा नव्हता. माझ्या कानाशीच आला.

मी रडायला लागले. "नाही व माय. चुकली मी."

"वडू नोको," ती म्हणाली. "गुडघे मोड. खाली सोड सोताले. सरक."

बुडणाऱ्याला खाली सोड म्हणणारी ही कोण, याची भीती गाळापेक्षा मोठी होती. पण मी थकले होते. ओढणं थांबवलं. गुडघे मोडले. ठेक्यावर वजन या पायावरून त्या पायावर, बाजूला, थोडं थोडं. गाळाने पाय सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. किती वेळ गेला माहीत नाही. टाचेखाली मुरूम लागला तेव्हा वर पाहिलं. ठेका थांबला होता. बगळे उडत होते, आणि त्यांच्या पंखांचा आवाज येत होता.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, नेऊन जागा दाखवली. हे वाकून चिखलातल्या खुणा बघू लागले. "खेकड्यावानी चालली तू," म्हणाले. "एकटीचेच पाय आहेत." मग हळूच विचारलं, "तुंबा म्हनते ना? आपल्या गावात कोनाकडेच नाही आता."

मुलीने हुलाच्या बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, तिचे आभार मानले का?

मानले नव्हते. दुसऱ्या सकाळी ठाण्यावर गेले. झाडाला विचारून कडुलिंबाची डहाळी घेतली, मायपुढे ठेवली आणि नाचले. ती कोण होती, मी शोधत नाही. वर्षभर मी हात परत मागत होते, रागाने ओढत होते. त्या दुपारी सोडायला शिकवलं गेलं, आणि जीव हाती आला. एवढं देणं मला पुरे आहे. हात अजून तसाच आहे.

पाणी भरायला आलेल्या बाया थांबून बघू लागल्या. दोघी हसल्या. शेजारची म्हातारी काकू मात्र जवळ आली. माझ्या डाव्या हाताकडे बघत तिने विचारलं, "काय सांगून रायला व हा?"

"पाण्याची गोठ, काकू."

तिने लोंबणाऱ्या उजव्या हाताला बोट लावलं. "अन् हा?"

"हा आयकून रायला," मी म्हटलं.