कोपरीतली नाथाची केबल

कोपरीचा नाथा कोळ्याचा केबलवाला झाला तो एका व्हिडिओ प्लेअरपायी. सत्त्याऐंशी साली त्यानं घरची होडी विकून तो आणला. बाप दामाजी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही. पण ठाण्याच्या खाडीत मासळी उरली होती कुठं? नाथानं आपल्या खोलीतून शेजारच्या चाळींत वायर ओढली आणि दुपारी एक सिनेमा लावायला सुरुवात केली. पुढं गच्चीवर भलीमोठी डिश आली, आणि काय विचारता महाराजा, सगळ्या गल्लीला नाथाशिवाय करमेना!

काय दिवस होते ते! नाथा कुणाच्याही घरात न विचारता शिरायचा, टीव्हीच्या मागं हात घालायचा आणि चहा पिऊनच बाहेर पडायचा. त्याचं स्वतःचं एक चॅनेलसुद्धा होतं. कोळीवाड्यातली हळद, मंडळाची आरती, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्यावर दिसायचं. पडद्यावर दिसणार म्हणून बायका हळदीला ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या. आज शेकड्यानं चॅनेलं आहेत, पण ती मजा नाही ती नाहीच.

नाथाची वायर ओढायची रीतही निराळी. बापानं लहानपणी जाळं विणायला शिकवलेलं. तीच गाठ मारून तो सुतळीनं वायर आधाराच्या तारेला बांधायचा, हातहातभर अंतरावर, दात खाऊन आवळायचा. खाडीवरचा वारा सुटला की दुसऱ्यांच्या वायरी तुटायच्या, नाथाची ढिम्म हलायची नाही. पलीकडच्या गल्लीत विश्रामची केबल होती. विश्राम घाटावरचा, त्याच्या वायरी कायम लोंबत असायच्या. "विश्राम, लुगडी वाळत घाल रे त्यावर!" असं नाथा भर नाक्यावर ओरडायचा. एकमेकांच्या वायरी कापणं, गिऱ्हाइकं फोडणं, सगळे धंदे दोघांनी केलेले.

मग अठ्ठ्याण्णवच्या सुमारास एक मोठी कंपनी उतरली. तिच्यामागं बक्कळ भांडवल. चांगली चॅनेलं एकेक करून पैसे मोजल्याशिवाय दिसेनाशी झाली होती, गच्चीवरच्या डिशला ती पकडता येईनात. कंपनी ती फायबरमधून देणार होती. केसाएवढी काच आणि तिच्यातून उजेड पळतो म्हणे! पण कोपरीत कंपनीला एकच माणूस हवा होता. साहेबानं नाथाला आणि विश्रामला समोरासमोर बसवून सांगितलं, "कंपनीच्या खांबापासून तुमच्या खोलीपर्यंत फायबर तुम्हीच ओढा. ज्याच्याकडे रविवारी पिक्चर आधी येईल, कोपरी त्याची."

कंपनीच्या इंजिनिअरनं दोघांना बजावलं, "वाकवू नका, आवळू नका. सैल सोडा."

नाथानं मान डोलावली खरी. पण खांबावर चढला, खाडीचा वारा कानात शिरला, आणि त्याला राहवेना. सैल सोडायची? विश्रामसारखी? खाली उभी असलेली त्याची बायको मंजुळा ओरडली, "अवं, त्यानं काय सांगितलं व्हतं?" "तुला काय कळतंय! वाऱ्यात टिकायला नको?" म्हणून नाथानं अख्ख्या फायबरला हातहातभर अंतरावर जाळ्याची गाठ मारली. आयुष्यात इतकं सुबक काम त्यानं केलं नव्हतं.

रविवारी अख्खी गल्ली त्याच्या खोलीपुढं जमली. इंजिनिअरनं यंत्र लावलं, पुन्हा लावलं. उजेड येईना. प्रत्येक गाठीखाली काच आतल्या आत पिचली होती. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आरडाओरडा झाला. विश्रामकडे पिक्चर आला होता.

नाथानं विश्रामशी भांडण केलं नाही. भांडायला तोंडच नव्हतं. कंपनीची चॅनेलं त्याला मिळेनात, हळूहळू त्याच्या लाइनवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. लोक बिचारे भिडेखातर केबल सोडेनात, मुंग्याच बघत बसत. शेवटी नाथाच हातात पकड घेऊन निघाला. घरोघरी जाऊन सांगायचा, "विश्रामकडून घ्या, चांगलं दिसतं," आणि आपल्या हातानं आपली वायर काढायचा.

सगळ्यात शेवटी तो रंगूबाईकडे गेला. म्हातारी एकटीच असायची, मुलगा आंबिवलीला वेगळा राहायचा. टीव्ही चालू, त्यावर नुसती खरखर. नाथानं वायरीला हात घातला तशी ती म्हणाली, "राहू दे रे. मला दिसतंय."

"काय दिसतंय, मावशी? काहीच नाही त्यात."

"ते मला कळत नाही होय?" रंगूबाई म्हणाली. "अरे, टीव्ही बिघडला म्हणून तरी तू येतोस. वायर नेलीस तर माझ्या दारात कोण येणार?"

नाथानं पकड खाली ठेवली. विश्रामकडे कोपरी गेली त्या दिवशी तो रडला नव्हता. तो रंगूबाईच्या खाटेवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.