जुना अटॅक

पेणला, रामवाडीतल्या घरी बसून मी परदेशी पेशंटच्या हार्ट अटॅकना विम्याच्या बिलांसाठी कोड देते. अटॅक म्हणजे अटॅक, असलं मोघम आमच्या कामात चालत नाही. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा कोड वेगळा, खालच्या भिंतीचा वेगळा. चार आठवडे उलटले की अटॅक जुना, त्याचा कोड तिसराच.

परवा रोह्याला आत्याचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, यांना एक अटॅक आधीच येऊन गेलाय. कधी, ते घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी आत्याच मला म्हणाली, "गौरी आल्या तवाच असंल गो. छातीत दुखत व्हतं. पित्त हाय म्हणून कोकम प्याले नि परत वडे तळायला बसले."

जुन्या अटॅकचा कोड मला तोंडपाठ आहे. ते वडेही आठवतात. छान फुगले होते.